केसाला हवा कळते

जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये हवेतली ओल मोजण्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले मुख्य उपकरण माणसाच्या डोक्यावरच्या केसावर चालत होते. केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढायचा, त्याचे एक टोक पक्के बसवायचे, दुसरे बारीकशा कप्पीवर घेऊन तिला अगदी हलके वजन लावायचे आणि कप्पीला काटा जोडायचा. हवा दमट झाली की केस लांबतो आणि काटा एकीकडे सरकतो. हवा कोरडी झाली की केस आखडतो, काटा परत फिरतो. सोस्यूर पर्वतांचा वेडा होता. १७८७ मध्ये तो मों ब्लांच्या शिखरावर चढला तेव्हा इतर यंत्रांबरोबर हे केसाचे यंत्रही त्याने वर नेले. त्याच्याच गावचा झां-आंद्रे द्यल्यूक ओल मोजायला देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची चीर वापरत होता. कोणाचे यंत्र खरे सांगते यावरून दोघांत चांगलीच जुंपली. पुढे वेधशाळांमध्ये रुळला तो केस.

तो आपल्याकडेही आला. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही शिमला ऑफिस चौकच म्हणतात. या खात्याच्या वेधशाळांमध्ये झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत हेअर हायग्रोग्राफ नावाचे यंत्र ठेवत आले आहेत. त्यात केसांची एक जुडी ताणून बसवलेली असते, तिला लेखणी जोडलेली असते आणि समोर सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असतो. केस लांबतात, आखडतात आणि कागदावर दिवसरात्रीच्या आर्द्रतेची रेघ उमटत जाते.

पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस साधारण दोन ते अडीच टक्के लांबतो. म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या केसात जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक पडतो. एप्रिलच्या दुपारी पुण्यातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, तर जुलैच्या सकाळी मुंबईत ती पंच्याऐंशीच्या वर असते. डेक्कन क्वीनने घाट उतरून दादरच्या फलाटावर पाय ठेवला की दाट, नागमोडी केस दहा मिनिटांत पिंजारतात. मग आपण केसांना नावे ठेवतो, आरशापुढे हताश होतो. तिथे खरोखर काय घडलेले असते? डोक्यावरच्या सुमारे एक लाख केसांनी एकाच वेळी हवेतली ओल मोजलेली असते, आणि प्रत्येकाने आपापले उत्तर दिलेले असते.

मला या गोष्टीचे अप्रूप कधीच संपत नाही. ती नीट समजली की दाट नागमोडी केसांशी वागायची रीतही बदलते. केस कसा दिसावा हे शेवटी एका प्रश्नावर येते: पाणी केसात कधी शिरू द्यायचे, आणि ते बाहेर पडताना केस कोणत्या आकारात असू द्यायचा?

केसाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून कमी, साधारण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर. एवढ्याशा जागेत सर्वांत बाहेर पारदर्शक खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. कोकणातल्या घरावरची कौले जशी एकावर एक उतरती बसवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून शेंड्याकडे उतरते असतात. त्यांच्या आतला गाभा केराटिन या प्रथिनाचा. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. एक गंधकाचे बंध. ते इतके पक्के असतात की पाणी, तेल, कंगवा यांनी त्यांना काहीही होत नाही. दुसरे हायड्रोजनचे बंध. एकेकटा बंध अगदी दुबळा, पण त्यांची संख्या अफाट, आणि कोरड्या केसाला ताठपणा मिळतो तो बराचसा त्यांच्यामुळे. पाण्याचा रेणू आत शिरला की तो साखळ्यांच्या मधे येऊन उभा राहतो आणि हे बंध सुटतात. केस आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पिऊ शकतो. त्याने तो लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतो. पाणी उडून गेले की बंध पुन्हा जुळतात, आणि त्या घडीला केस ज्या आकारात असेल त्याच आकारात जुळतात.

न्हाल्यावर घातलेल्या वेणीचे वळण, ब्लो-ड्रायने सरळ झालेले केस, पार्लरमध्ये रोलर लावून आणलेल्या लाटा हे सगळे या एकाच गोष्टीवर उभे आहे. आणि ते सगळे पहिल्या दमट वाऱ्याबरोबर का मोडते, तेही इथेच कळते. हवेतले पाणी आत शिरते, नवे बंध सुटतात आणि केस आपल्या जन्मजात वळणाकडे परततो. लाख केस असे परत निघाले की प्रत्येकाचा वाक थोडा वेगळा, प्रत्येकाची घाई थोडी वेगळी, म्हणून डोके भुरभुरलेले दिसते.

हे जन्मजात वळण येते कुठून? त्वचेखाली केसाचे मूळ ज्या पिशवीत वाढते ती सरळ उभी असेल तर केस सरळ निघतो, ती वाकलेली असेल तर केस वळण घेऊनच बाहेर येतो. केसाच्या आत आणखी एक गंमत आहे. न्यूझीलंड आणि जपानच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तंतू फार बारकाईने मोजले. वळणाच्या बाहेरच्या बाजूला असणाऱ्या पेशी आतल्या बाजूच्या पेशींपेक्षा लांब निघाल्या. एका अंगाला लांब पेशी आणि दुसऱ्या अंगाला आखूड पेशी असतील तर तंतूला वाकण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. माणसाच्या केसातही पेशी दोन्ही बाजूंना सारख्या वाटलेल्या नसतात, हे कुरळ्या केसांच्या अभ्यासांत दिसले आहे. वळणाची आनुवंशिकताही हळूहळू उलगडत आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ट्रायकोहायलिन नावाच्या प्रथिनाचे जनुक केसांच्या वळणातल्या फरकाचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग सांगते, असे २००९ मध्ये आढळले. बाकीचे श्रेय इतर अनेक जनुकांचे आणि इतर कारणांचे.

आता दाटपणाकडे येऊ. डोक्यावर केसांची संख्या भरपूर असणे वेगळे आणि एकेक केस जाड असणे वेगळे. ज्यांच्याकडे दोन्ही असते त्यांची कसोटी लागते, कारण तंतू वाकवायला लागणारे बळ त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. साठ मायक्रोमीटरच्या केसापेक्षा ऐंशी मायक्रोमीटरचा केस डोळ्यांना जेमतेम वेगळा दिसेल, पण तो तिपटीहून जास्त ताठ असतो. दुसऱ्या कोणाच्या केसांवर टिकणारी पिन तुमच्या अंबाड्यातून का निसटते, हे या चौथ्या घातात आहे.

या फुगीरपणावर चक्क एक समीकरण लिहिले गेले आहे. केंब्रिजचे रेमंड गोल्डस्टीन, युनिलिव्हरचे पॅट्रिक वॉरन आणि वॉरिक विद्यापीठाचे रॉबिन बॉल यांनी २०१२ मध्ये पोनीटेलच्या आकाराचे भौतिकशास्त्र मांडले. गुरुत्व केसांना खाली ओढते, केसाचा ताठपणा वाकायला विरोध करतो, आणि एकेका केसाचे वेगवेगळे वाक मिळून शेजारच्या केसांना बाहेर ढकलणारा एक दाब तयार करतात. या तिघांच्या रस्सीखेचीतून पोनीटेलचा फुगा ठरतो. केसाच्या लांबीपुढे गुरुत्व किती प्रभावी ठरते हे सांगणाऱ्या आकड्याला त्यांनी रापुन्झेल संख्या असे नाव दिले. त्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळाले. लोक हसले असतील, पण मला ते समीकरण वाचताना धन्य वाटले. शाळेत जाताना दोन वेण्यांत न मावणाऱ्या केसांचा दाब कोणीतरी इतक्या आदराने मोजला होता.

त्याचा उपयोग कात्रीखाली बसताना होतो. लांब केसांच्या वरच्या भागावर खालच्या केसांचे सगळे वजन लोंबते, म्हणून मुळाशी केस जवळजवळ सरळ दिसतो आणि वळण शेंड्याला उमटते. एमआयटीचे पेद्रो रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये टांगलेल्या कुरळ्या केसाचे गणित मांडून हे दाखवले. दाट नागमोडी केस खांद्याच्या वर सरसकट एका रेषेत कापले की वजन उतरते, दाब मात्र तसाच राहतो आणि केस खाली रुंद होत त्रिकोण धरतात. लांबट थर देऊन कापले तर तो दाब वाटला जातो. केस विरळ करणारी दातेरी कात्री मी टाळायलाच सांगेन. मधे राहिलेले आखूड, ताठ केस वरच्या लांब केसांना उचलून धरतात आणि दोन महिन्यांत फुगारा वाढलेला दिसतो. ओला केस वजनाने आणि पाण्याने ताणलेला असतो, सुकल्यावर त्याचे वळण वर चढते. म्हणून कापणाऱ्याला केस आधी सुके दाखवावेत, आणि ओले कापून घ्यायचे तर मनातल्या लांबीहून चार बोटे जास्त ठेवायला सांगावीत.

आता न्हाणे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत आलेल्या साठ सेंटिमीटरच्या केसाचा शेंडा पाच वर्षांचा, पाच पावसाळे पाहिलेला असतो. मुळाजवळचे खवले अजून घट्ट मिटलेले असतात, शेंड्याचे झिजून उघडे पडलेले. शिवाय टाळूतून निघणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, नागमोडी केसावर ते वळणावळणाला अडते. म्हणून एकाच डोक्यावर मुळे तेलकट आणि शेंडे राठ अशी तक्रार असते. तिच्यावर उपाय साधा आहे. शाम्पू किंवा शिकेकाई टाळूला बोटांच्या टोकांनी चोळायची. वाहून जाणारा फेस शेंड्यांना पुरतो. शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळणारे पदार्थ असतात, ते मळ उचलतात. अंगाचा साबण मात्र डोक्याला नको. तो अल्कधर्मी असतो, खवले उघडतो, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो.

खोबरेल तेलाबद्दल आजीचे म्हणणे आणि प्रयोगशाळेचे म्हणणे इथे एकत्र येते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून प्रथिन झिजून जाणे तिघांपैकी फक्त खोबरेलाने कमी केले, न्हाण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी. ही कंपनी खोबरेल विकते हे वाचताना ध्यानात ठेवावे. पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल मुबलक असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो खवल्यांमधून आत शिरतो. सूर्यफुलाच्या तेलाचे मोठे, पसरट रेणू बाहेरच राहतात. आत तेल असले की न्हाताना पाणी कमी शिरते आणि केसाचे फुगणे-आखडणे कमी होते. नागमोडी केसांना याचा फायदा न्हाण्याआधी तासभर तेल लावल्याने पुरेपूर मिळतो. रात्रभर तेल ठेवण्याची सक्ती कोणी करू नये.

कंडिशनरची करामत तर मला विद्युतशास्त्रातला एखादा धडा वाटते. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार जास्त असतो, आणि कंडिशनरमधल्या मुख्य रेणूंवर धन भार असतो. त्यामुळे केस जिथे जास्त दुखावलेला, तिथेच ते जास्त चिकटतात. शेंडा शोधायला त्यांना कोणी सांगावे लागत नाही. आपण फक्त ते शेंड्यांपासून वर अर्ध्यापर्यंत लावायचे आणि टाळूला वगळायचे.

याच वेळी, कंडिशनर केसांत असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढावा. कोरडा केस सुमारे शंभर ग्रॅम वजन पेलतो. ओला झाला की तो जास्त ताणतो आणि लवकर तुटतो. सरळ केसांच्या लोकांनी म्हणूनच केस थोडे सुकल्यावर विंचरावेत. नागमोडी आणि कुरळ्या केसांना मात्र ओले आणि निसरडे असतानाच विंचरणे बरे, शेंड्यापासून वर चढत. गुंत्याच्या बाबतीत आपल्या केसांवर उगाच आळ येतो, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या झां-बाप्तीस्त मासों यांनी केस कापणाऱ्यांकडून गुंते मोजून घेतले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापला: सरळ केसांत कुरळ्या केसांपेक्षा जवळजवळ दुप्पट गुंते होते.

नागमोडी केस सुकल्यावर त्यांत कंगवा का फिरवू नये, याचे उत्तर पॅरिसमध्ये सापडते. तिथले जोझे बिको आणि सहकारी यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये ओल्या केसांच्या बटा कशा होतात यावर लिहिले. पाण्याचा पृष्ठताण शेजारच्या तंतूंना जवळ ओढतो, तंतूंचा ताठपणा त्यांना दूर ठेवू पाहतो. आधी दोन-दोन तंतू चिकटतात, मग त्या जोड्या जोड्यांना चिकटतात, असे करत बट मोठी होत जाते आणि ताठपणा वरचढ ठरला की थांबते. नदीत डुबकी मारून बाहेर आलेल्या प्रत्येक डोक्यावर हे घडते. नागमोडी केसाला ही फुकटची देणगी आहे, कारण बटेतले सगळे केस एकाच वळणात सुकतात आणि लाख वेगवेगळ्या उत्तरांऐवजी काही शे उत्तरे उरतात. सुक्या केसांत कंगवा घातला की पाण्याने बांधलेल्या या बटा सुट्या होतात आणि भुरभुर सुरू होते.

म्हणून न्हाणे झाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसणे बंद. सुती पंच्याने किंवा जुन्या टी-शर्टने केस खालून वर दाबून पाणी टिपावे. मग बटा तशाच राहाव्यात म्हणून कसला तरी पातळ थर हवा. महागड्या जेलची गरज नाही. जवसाची जेल घरी होते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहावे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच गाळावे. थंड झाल्यावर जेल इतकी घट्ट होते की गाळता येत नाही. ही जेल फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी. ओल्या बटांवर ती चोपडली आणि मुठीत धरून केस वर दाबले की सुकताना प्रत्येक बटेभोवती कडक पापुद्रा होतो. केस पूर्ण सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुकल्यावर मुठीत चुरगाळले की कडकपणा जातो, बट राहते. पावसाळ्यात ग्लिसरीन भरपूर असलेली क्रीम मात्र कपाटात ठेवावीत. ग्लिसरीन हवेतून पाणी ओढते, आणि जुलैत हवेत पाण्याला तोटा नसतो.

गरम यंत्रांबाबत एकच धोक्याची गोष्ट ठासून सांगते. ओल्या केसावर इस्त्री किंवा कर्लर फिरवू नका. आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात खरेखुरे बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात आणि केस तिथेच तुटतो. ड्रायर वापरायचा तर डिफ्यूजर लावून, कमी गरम, कमी वेगाने.

रीबाँडिंग ही वेगळीच गोष्ट. तिथे गंधकाचे पक्के बंध रसायनाने तोडून केस सरळ ताणून पुन्हा जोडतात. ते कायमचे असते, पण फक्त तेवढ्या केसापुरते, कारण मुळाची वाकडी पिशवी जशीच्या तशी असते. महिन्याला एक सेंटिमीटरने जुने वळण मुळातून बाहेर येते आणि डोक्यावर दोन वेगवेगळे केस नांदू लागतात. केसांना केरॅटिन करून देतो म्हणून सांगणाऱ्या काही उपचारांत इस्त्री फिरताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे, आणि पार्लरच्या बंद खोलीत तो दिवसभर श्वासात घेते ती तिथे काम करणारी मुलगी. केस सरळ हवेत असे वाटण्यात गैर काही नाही, पण तिचा विचार करून मगच ठरवावे.

दोन न्हाण्यांच्या मधल्या दिवसांसाठी वेणीइतके सोयीचे काही नाही. केस किंचित दमट करून रात्री सैल वेणी घातली की पेडांच्या वळणात बंध जुळतात आणि सकाळी एकसारखी लाट मिळते. दाट केसांत एक अडचण येते. वेणी बाहेरून कोरडी लागते, पण गाभ्यातले पेड सकाळीही ओलसर असतात. अशी वेणी सोडली की आतले केस उघड्यावर सुकतात, बंध मोकळ्या केसांत जुळतात आणि तासाभरात लाट सैल पडते. त्यामुळे टाळू पूर्ण आणि केस बऱ्यापैकी सुकल्यावरच वेणी घालावी, एकीऐवजी दोन किंवा तीन घालाव्यात, आणि सोडण्यापूर्वी मधला पेड बोटांत धरून पाहावा. गार लागला तर आधी चहा घ्यावा, वेणी नंतर सोडावी.